एकाचा नकार दुसऱ्याला कळतो का?

श्रोतेहो, नमस्कार.

पेटलेल्या डोंगरावर आग रोखणाऱ्या लाल द्रवाचा पट्टा सोडत जाणारं विमान तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. बघायला थरारक. वैमानिकाला विचाराल, तर नको त्या सगळ्या गोष्टी तिथं एकदम जमलेल्या असतात. विमान भरलेलं, वेग कमी, जमीन दीडशे-दोनशे फुटांवर आणि समोर धूर. तापलेली हवा विरळ होते, त्यामुळे पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. आगीवरची हवा वर उसळते, डोंगराच्या आडोशाला वारा खाली दाबतो. विमान सावरायला लागते ती उंचीच हाताशी नसते.

म्हणून तिथल्या आकाशात शिस्त कडक. अमेरिकेत आगीपासून 12 सागरी मैलांवर असतानाच वैमानिकाला रेडिओवर बोलावं लागतं. संपर्क झाला नाही, तर 7 मैलांच्या आत शिरायचं नाही. आणि अशा आकाशात कुणीतरी हौसेनं ड्रोन सोडतो! जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात कॅनडाहून मदतीला आलेल्या विमानावर ड्रोन आदळला आणि पंखाला भोक पडलं. विमान सुखरूप उतरलं, पण ऐन गरजेच्या वेळी ते दुरुस्तीत अडकलं.

यंत्रही दगा देतं. 2002 मध्ये कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडोत जेमतेम महिन्याच्या अंतरानं दोन जुन्या लष्करी बनावटीच्या विमानांचे पंख हवेतच तुटले. धातू थकून भेगा पडल्या होत्या. दोन्ही मिळून पाच जण गेले.

मला मात्र जास्त अस्वस्थ करतो तो 23 जानेवारी 2020 चा ऑस्ट्रेलियातला अपघात. न्यू साउथ वेल्समध्ये त्या दिवशी वारा भयंकर होता. द्रव वाहणाऱ्या मोठ्या टँकर विमानाच्या पुढं जाऊन वाट आणि हवा जोखणारं एक छोटं विमान असतं, त्याला तिकडे ‘बर्डडॉग’ म्हणतात. त्याच्या वैमानिकानं ॲडामिनाबी गावाजवळच्या आगीची कामगिरी नाकारली. एक टँकर विमान तिथं जाऊन आलं आणि पुन्हा येणार नाही म्हणालं. तरीही सी-130 हे दुसरं टँकर विमान तिथं पोचलं. ॲडामिनाबीला घिरट्या घालून त्याच्या चमूनंही तिथं द्रव सोडायचं टाळलं. मग त्यांना पीक व्ह्यूजवळची आग दाखवण्यात आली. तिथं त्यांनी थोडा द्रव सोडला, विमान डावीकडे वळून किंचित वर गेलं आणि खाली आलं. तिघंही अमेरिकन कर्मचारी मृत्युमुखी पडले. वाऱ्याची दिशा आणि वेग अचानक बदलल्यानं विमानाची उचल गेली असावी, असं तपासात दिसलं.

म्हणजे त्या दिवशी नकार द्यायला कुणी कचरलं नव्हतं. पण बर्डडॉगनं काम नाकारल्याचं सी-130 च्या चमूला कामगिरी देताना कुणी सांगितलं नाही. तशी सक्तीची पद्धतच नव्हती. प्रत्येकानं आपापला धोका नव्यानं जोखायचा, असा प्रकार. वैमानिकाचा अनुभव कितीही दांडगा असो, आधी कुणी नकार दिला हे शोधणं त्याच्यावर सोडणं मला पटत नाही. ते सांगणं ही कामगिरी वाटणाऱ्याची जबाबदारी.

पुढं विमान कंपनीनं अशा वाऱ्यातून बाहेर पडण्याची रीत सी-130 च्या नियमपुस्तिकेत घातली. अग्निशमन यंत्रणेनंही कामगिरी नाकारली गेली, तर पुढं काय करायचं याचे नियम ठरवायला घेतले.