धुक्यामुळे सापडलेला विषाणू

श्रोतेहो, नमस्कार. कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूंपासून काही प्रथिने आपल्या पेशींचे रक्षण कसे करतात, हा आजचा विषय आहे. परंतु माणसात असा पहिला विषाणू कसा सापडला, हे आधी सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

युगांडातील कंपाला येथे डेनिस बर्किट नावाचे शल्यचिकित्सक काम करीत होते. लहान मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या एका गाठीविषयी त्यांनी मार्च 1961 मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्याख्यान दिले, आणि ते ऐकायला अँथनी एप्स्टाइन बसले होते. कोंबड्यांना कर्करोग करणारा विषाणू एप्स्टाइन यांच्या अभ्यासातला होता. त्यामुळे ज्या आजाराचे प्रमाण पाऊस आणि तापमान यांप्रमाणे बदलते, त्याच्या मुळाशी विषाणूच असावा, असे त्यांच्या मनाने घेतले. मग कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला येऊ लागले. दोन वर्षांहून अधिक काळ ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली शोधत राहिले, पण विषाणू काही दिसेना.

डिसेंबर 1963 मध्ये लंडनवर असे दाट धुके पडले की नमुना आणणारे विमान मँचेस्टरला वळवावे लागले. नमुना उशिरा हाती आला, तेव्हा त्यातील द्रव गढूळ झालेला होता. गढूळ म्हणजे जंतूंनी नासलेला, असाच निष्कर्ष कोणीही काढला असता. (प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर आधी लिहून मग प्रयोग उरकण्याची आपल्या महाविद्यालयांतील रीत पाहता, आपल्याकडे तो सरळ मोरीत ओतला गेला असता, असे माझे स्पष्ट मत आहे.) एप्स्टाइन यांनी मात्र त्यातील थेंबभर द्रव साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. जंतू नव्हतेच, प्रवासात हिंदकळून गाठीपासून सुट्या झालेल्या जिवंत पेशी त्यात तरंगत होत्या. इव्हॉन बार यांच्या साहाय्याने त्यांनी अशा तरंगत्या पेशी वाढवल्या, आणि फेब्रुवारी 1964 मध्ये त्यांत विषाणू दिसला. इलेक्ट्रॉनांच्या झोताने नमुना जळून जाईल या भीतीने त्यांनी यंत्र बंद केले आणि कोट न घालताच बाहेर पडून बर्फात एक फेरी मारली. एप्स्टाइन-बार विषाणू तो हाच.

आता प्रथिनांकडे वळू. हा विषाणू जगातील 90 टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात आयुष्यभर मुक्काम करून असतो. पुन्हा सांगतो, 90 टक्क्यांहून अधिक. म्हणजे हे भाषण ऐकणाऱ्या बहुतेकांच्या शरीरात तो आहे. तरीही त्याच्यामुळे कर्करोग फारच थोड्यांना होतो. अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांत मात्र हाच विषाणू लसिका ग्रंथींचा कर्करोग घडवू शकतो, यावरून एरवी त्याला किती बंदोबस्तात ठेवले जाते, हे ध्यानात येते.

या बंदोबस्ताचा एक भाग पेशीच्या आतच असतो. डीएनए नको तिथे आढळला की सीगॅस हे प्रथिन तो ओळखते. त्याच्या इशाऱ्यावरून इंटरफेरॉन हे धोक्याचा संदेश देणारे प्रथिन तयार होते आणि शेजारच्या पेशीही सावध होतात. दुसरे प्रथिन अपोबेक-3बी. ते पेशीकेंद्रात राहते आणि विषाणू स्वतःच्या प्रती काढू लागला की त्याच्या उघड्या पडलेल्या डीएनएमधील सायटोसिन या 'अक्षराचे' युरॅसिल हे चुकीचे अक्षर करते. चुका साठत जातात आणि प्रती निकामी होतात. एप्स्टाइन-बार विषाणूही कमी नाही. तो बीओआरएफ-2 नावाचे आपले प्रथिन अपोबेकला चिकटवतो आणि त्याला पेशीकेंद्राबाहेर नेऊन ठेवतो. म्हणजे अपोबेक नष्ट होत नाही, पण त्याचे काम रोखले जाते आणि त्याला कामाच्या जागेवरूनही हटवले जाते.

अपोबेकची आणखी एक बाजू आहे. ज्याने विषाणूचा डीएनए बिघडतो, त्यानेच आपलाही बिघडू शकतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास एचपीव्ही हा विषाणू कारणीभूत असतो, आणि त्या गाठींच्या डीएनएमध्ये अपोबेकने केलेल्या बदलांच्या खुणा मोठ्या प्रमाणावर आढळतात. निरोगी पेशींत बहुतेक ठिकाणी अपोबेक-3बी अगदी अल्प प्रमाणात असते. एचपीव्हीचा शिरकाव झाला की ते वाढते, आणि संसर्ग वर्षानुवर्षे टिकला तर हे वाढलेले प्रथिन आपल्याच जनुकांत बदल करीत राहते.