खाडा न पाडता

संध्याकाळचे साडेसात. धारावीच्या या गल्लीत घराघरांत कुकरच्या शिट्ट्या वाजतायत आणि पोर्टा केबिनमधल्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर पाच-सहा जण टेकलेत. कडेला बसलेल्या मावशी माटुंग्यातल्या चार घरची धुणीभांडी उरकून थेट इथे आल्यात. पिशवीतून त्या प्लॅस्टिकची आणखी एक पिशवी काढतात आणि तिच्यातून केस पेपर. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला.

दंडाला पट्टा गुंडाळत सिस्टर विचारतात, "मावशी, गोळी रोज घेता ना?"

"एक दिवसाआड घेते. पुरवायला नको का?"

घरातली साखर पुरवावी, तशी बीपीची गोळी पुरवतात. ऐकून पोटात तुटतं.

मुंबईत सरकारी आणि महापालिकेची रुग्णालयं आहेत. नायर आणि केईएम शंभरेक वर्षं गोरगरिबांचा आधार आहेत. पण नुसतं बीपी दाखवायला तिथे जायचं, तर सकाळी केस पेपरची रांग, मग ओपीडीची, मग औषधाच्या खिडकीची. अख्खा दिवस जातो. खाडा पडतो. आणि घरकाम करणाऱ्या बाईला खाड्याचे पैसे कोण देणार?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ते मोलाचं आहेच, त्यामुळे कितीतरी घरं कर्जातून वाचतात. पण ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरची. महिन्याच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत. म्हणजे लकवा मारल्यावर मदत आहे, तो टाळणाऱ्या गोळीसाठी मात्र खिशात हात घालायचा.

नेमकी ही फट बुजवायला महापालिकेने 2022 च्या अखेरीस 'आपला दवाखाना' सुरू केला. तपासणी, औषधं, रक्ताच्या चाचण्या, सगळं मोफत. त्याहून महत्त्वाची वाटते ती वेळ. संध्याकाळी, काम सुटल्यावर दार उघडं असतं. असे दवाखाने गल्लोगल्ली हवेत. आणि त्यांत डॉक्टर टिकायला हवेत; दर खेपेला नवा चेहरा दिसला, तर "एक दिवसाआड घेते" हे कुणाजवळ बोलणार?

औषधाच्या खिडकीतून तीन पट्ट्या पुढे येतात.

"तीस आहेत. रोज एक. संपायच्या आधी या, संध्याकाळीच या."

मावशी बाकावर बसूनच पट्टी फोडतात, बाटलीतल्या पाण्याने आजची गोळी घेतात. उरलेल्या पट्ट्या केस पेपरात गुंडाळून परत प्लॅस्टिकच्या पिशवीत. सकाळी सातला पहिलं घर गाठायचंय.