दार्जिलिंगचा लाल पांडा

दार्जिलिंगच्या टॅक्सीवाल्यांची 'सेव्हन पॉइंट' नावाची ठरलेली फेरी असते. प्राणिसंग्रहालय हा त्यातला एक पॉइंट. मे महिन्यात इथल्या चढावर हमखास मराठी ऐकू येतं, "आई, चल गं, पांडा पुढंच आहे!"

सुमारे 7,000 फूट उंचीवरचं हे पद्मजा नायडू हिमालयन प्राणिसंग्रहालय 1958 साली सुरू झालं. जागा जेमतेम 67 एकर. हत्ती-जिराफ शोधत आलात तर निराश व्हाल. इथला मान हिमबिबट्या, तिबेटी लांडगा अशा थंडीतल्या प्राण्यांचा. आणि अर्थातच लाल पांडाचा.

तो बघा, फांदीवर. तांबूस अंग, शेपटीवर वलयं. मनगटाचं एक हाड वाढून त्याचा जणू जादा अंगठा झालाय. त्यात बांबूची काडी धरायची आणि तोंडाच्या कडेनं पानं ओरबाडायची, हे तासन् तास चालतं. कारण खातो बांबू, पण आतडी मांसाहाऱ्याची. खाल्लेल्यातलं बरंचसं पचतच नाही. मग उरलेला वेळ झोप. "हा तर झोपलाय!" म्हणून पर्यटक कुरकुरतात, पण एवढ्याशा ताकदीवर जगणाऱ्यानं दुसरं काय करावं?

खरं काम मात्र तिकीट काढून दिसत नाही. प्राणिसंग्रहालयाच्या तोपकेदारा इथल्या प्रजनन केंद्रात पर्यटकांना प्रवेश नाही, आणि तेच बरं आहे. कोणत्या नराची जोडी कोणत्या मादीशी लावायची, हे वंशावळ बघून ठरतं. नाहीतर नात्यातच पिल्लं होत राहतात.

2003 मध्ये इथल्या स्वीटी आणि मिनी या दोन माद्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात सोडल्या. मिनी टिकली नाही. स्वीटीला पुढच्याच वर्षी रानात पिल्लू झालं. त्यानंतर 2022 ते 2024 या काळात आणखी नऊ पांडा सोडले, सात माद्या आणि दोन नर. त्यांतल्या तीन माद्यांना मिळून पाच पिल्लं झाली.

संदकफू शिखराच्या ट्रेकला गेलेल्यांनी हे जंगल पाहिलं असेल. या जंगलातलं गैरीबास गाव वाटेतच लागतं. त्या वाटेवर मागं मागं येणारी, बिस्किटं मागणारी कुत्रीही आठवत असतील. मोकाट कुत्री पांडाची पिल्लं मारतात, शिवाय त्यांच्याकडून डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाची लागण होऊ शकते. लाल पांडाला हा रोग झाला, तर तो सहसा वाचत नाही.