ओढ, धडक आणि मधली स्प्रिंग

(रत्नागिरीत झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

होडी जिथे लागते त्याला आपण धक्का म्हणतो आणि ती लागताना जो बसतो त्यालाही धक्काच म्हणतो. आजचा विषय रेल्वेचा असला तरी मी सुरुवात मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून करणार आहे, कारण मला जे सांगायचे आहे त्याचा अर्धा भाग तिथे रोज उघड्यावर चाललेला असतो. बांधून ठेवलेला ट्रॉलर लाटेबरोबर कधी भिंतीवर येऊन आदळतो, तर कधी भिंतीपासून दूर ओढला जातो. आदळण्याची सोय म्हणून बाजूला जुने टायर टांगलेले असतात आणि ओढीची सोय म्हणून थोडा सैल ठेवलेला दोर असतो. टायर ओढीच्या वेळी निरुपयोगी आणि दोर धडकेच्या वेळी निरुपयोगी, म्हणून दोन संकटांसाठी दोन वस्तू लागतात.

रेल्वेनेही सुरुवातीला हेच केले. आपण वर्षानुवर्षे ज्या निळ्या आयसीएफ, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या, डब्यांतून प्रवास केला, त्यांच्या टोकाला मध्यभागी एक हुक आणि त्यात अडकवलेले स्क्रू कपलिंग असते. दोन्ही बाजूंना ताटासारखे गोल बफर असतात. हुक ओढतो, बफर धडक झेलतात आणि दोघांच्या पाठीमागे आपापली स्प्रिंग असते. या बफरमागच्या स्प्रिंगचा इतिहासही जुना आहे. १८४८ साली शेफील्डच्या जॉन ब्राउन यांनी पोलादी पट्टी शंकूसारखी गुंडाळून बफरची स्प्रिंग तयार केली. तिचे मोठे वेढे आधी दबून टेकतात आणि लहान, ताठ वेढे मागाहून काम करू लागतात, त्यामुळे धडक जितकी मोठी तितकी स्प्रिंग अधिक कडक होत जाते. पण या सगळ्या रचनेत एक माणूस दोन डब्यांच्या मध्ये उतरून स्क्रू आवळायला लागतो, आणि हुक व स्क्रू यांना ओढीची जी मर्यादा आहे ती जड मालगाड्यांना पुरत नाही.

अमेरिकेत तर स्क्रूही नव्हता. कडी आणि खिळ्याने डबे जोडले जात आणि त्या कामात माणसांची बोटे आणि हात जात. ईली जॅनी यांनी १८७३ साली पेटंट घेतलेले कपलर म्हणजे दोन हातांची बोटे वाकवून एकमेकांत अडकवावीत तशी रचना आहे. डबे नुसते एकमेकांवर ढकलले की ते आपोआप जुळतात. १८९३ च्या कायद्याने अमेरिकेत असे आपोआप जुळणारे कपलर आणि हवेचे ब्रेक सक्तीचे झाले. आपल्याकडच्या मालवाघिणींवर आज जे सेंटर बफर कपलर, म्हणजे आमच्या बोलण्यातले सीबीसी, दिसते ते याच कुळातले. त्यातल्या वळलेल्या बोटाला आम्ही नकल म्हणतो.

मात्र कपलर मध्यभागी आला आणि बाजूचे बफर गेले, तेव्हा ओढ आणि धडक दोन्ही एकाच दांड्यातून येऊ लागल्या. आता दोर आणि टायर एकाच वस्तूत बसवायचे होते. हे ज्या पेटीत साधले आहे तिला ड्राफ्ट गिअर म्हणतात. कपलरच्या मागे, वाघिणीच्या मधल्या तुळईच्या पोटात ती बसलेली असते आणि फलाटावरून कधीच दिसत नाही, म्हणून तिच्यावर थोडा वेळ थांबू.

आपल्या डाव्या हाताच्या मुठीत एक स्पंज धरला आहे अशी कल्पना करा: मूठ म्हणजे तुळई आणि स्पंज म्हणजे ड्राफ्ट गिअर. तुळईच्या आत पुढे एक आणि मागे एक असे दोन अडसर पक्के बसवलेले असतात आणि ड्राफ्ट गिअर त्यांच्या मध्ये बसलेला असतो. त्याच्या पुढच्या तोंडावर एक जाड पोलादी पाटी असते. कपलरच्या दांड्याला पिनेने जोडलेला एक इंग्रजी यू अक्षरासारखा पट्टा, त्याला योक म्हणतात, गिअरला वळसा घालून त्याच्या पाठीमागून गेलेला असतो. आता कपलर पुढे ओढला की योक गिअरची पाठ पुढे खेचतो; पुढची पाटी पुढच्या अडसरावर अडकलेली असल्यामुळे गिअर दाबला जातो. उलट कपलर आत ढकलला गेला की दांड्याचे बूड पुढच्या पाटीला मागे रेटते. गिअरची पाठ मागच्या अडसरावर टेकलेली असल्यामुळे गिअर पुन्हा दाबलाच जातो. म्हणजे गाडी ओढा किंवा ढकला, आतली स्प्रिंग कधीही ताणली जात नाही, ती फक्त दबते. माझ्या मते रेल्वेच्या सगळ्या यंत्रसामग्रीत इतकी साधी आणि इतकी हुशार युक्ती दुसरी नाही. एअर ब्रेकवाले मित्र रागावतील, पण ते त्यांनी चहाच्या वेळी बोलावे.

या पेटीला किती काम करावे लागते याचा हिशेब आपण इथेच करू. भरलेली बॉक्सएन, म्हणजे कोळशासारखा माल नेणारी उघडी, वाघीण सुमारे ८१ टनांची असते. यार्डात शंटिंग चालू असताना ती ताशी ५ किलोमीटरने, म्हणजे आपण निवांत चालतो त्या वेगाने, तितक्याच वजनाच्या उभ्या वाघिणीला लागली असे समजा. तिच्यातली गतिज ऊर्जा सुमारे ७८ किलोज्यूल, म्हणजे तीच वाघीण १० सेंटिमीटर उचलायला लागेल तेवढी. धडकेनंतर दोघी मिळून पुढे सरकतात, त्यामुळे यातली निम्मी ऊर्जा गतीत राहते आणि उरलेली निम्मी, सुमारे ३९ किलोज्यूल, मधल्या दोन ड्राफ्ट गिअरना गिळावी लागते. एक गिअर सुमारे ८ सेंटिमीटर दबतो, म्हणून दोघांचे मिळून १६ सेंटिमीटर धरा. तेवढ्या अंतरात ही ऊर्जा संपवायची तर सरासरी २५ टनांचा जोर येतो, आणि पोलाद तो सहज सोसते. हेच गिअर जाम झालेले असतील आणि सगळे मिळून ५ मिलिमीटरच वाव मिळाला, तर जोर ८०० टनांच्या घरात जातो. आणि वेग दुप्पट, म्हणजे ताशी १० किलोमीटर झाला, तर ऊर्जा चौपट होते. शंटिंग करणाऱ्या माणसाला आम्ही 'सावकाश लाव रे' असे ओरडून का सांगायचो ते यावरून कळेल.

इथवर ऐकून कोणालाही वाटेल की मग चांगली, दणकट स्प्रिंग बसवली की झाले. इथेच खरी गोम आहे. स्प्रिंग प्रामाणिक सावकारासारखी असते. जे ठेवाल ते ती जवळजवळ पूर्ण परत करते. वाघीण येऊन लागली, स्प्रिंग दबली, आणि पुढच्याच क्षणी तिने दोन्ही वाघिणींना विरुद्ध दिशांना भिरकावले. लांब गाडीत हा परतावा एका जोडाकडून दुसऱ्या जोडाकडे जात राहतो. १८८६ आणि १८८७ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात बर्लिंग्टन इथे ५० डब्यांच्या मालगाड्यांवर ब्रेकच्या चाचण्या झाल्या. तेव्हा पुढचे ब्रेक आधी आणि मागचे नंतर लागल्यामुळे मागचे डबे पुढच्यांवर येऊन असे आदळले की शेवटच्या डब्यातल्या माणसांना उभे राहणे अशक्य झाले. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी त्यावर ब्रेक लवकर लागण्याची झडप तयार केली, आणि पुढे धक्काच जिरवून टाकणारा घर्षणाचा ड्राफ्ट गिअरही आणला.

घर्षणाच्या गिअरमध्ये स्प्रिंग असते, पण मुख्य काम ती करत नाही. पेटीच्या तोंडाशी एक पाचर असते. धडक बसली की पाचर आत घुसते आणि आजूबाजूच्या पोलादी तुकड्यांना पेटीच्या भिंतीवर दाबते; ते तुकडे भिंतीला घासत आत सरकतात आणि त्यांच्या मागे स्प्रिंग किंवा रबराच्या चकत्या दबतात. घासण्यात ऊर्जेचा मोठा हिस्सा उष्णता होऊन जातो आणि स्प्रिंगकडे परत करायला थोडीच उरते. एरवी यंत्र म्हटले की आम्ही घर्षणाच्या जिवावर उठलेलो असतो, तेलाचा डबा हातातून सुटत नाही. इथे मात्र घर्षणच पगारावर ठेवलेले असते. जर्मनीतल्या बफरमध्ये एकात एक बसणाऱ्या तिरप्या कडांच्या पोलादी कड्यांची स्प्रिंग वापरतात. तीही याच जातीची असून आलेल्या ऊर्जेचा सुमारे दोन तृतीयांश भाग ती घासण्यातच संपवते.

पण घर्षणालाही प्रमाण हवे. पाचरेचा कोन चुकला किंवा पृष्ठभाग बिघडला, तर आत गेलेली पाचर परत बाहेर येत नाही. गिअर दबलेलाच राहतो आणि पुढची धडक सरळ लोखंडावर लोखंड अशी बसते. कारखान्यात आम्ही पेटी उघडायचो तेव्हा आतली भिंत पाहूनच तिची कुंडली कळायची. चांगल्या चाललेल्या गिअरच्या भिंतीवर आरशासारखे चकचकीत पट्टे असत आणि तळाशी चिमूटभर तांबूस भुकटी. जाम झालेल्या गिअरमध्ये मात्र ओरबाडल्यासारखे खोल ओरखडे, पाचरेचे डोके छत्रीसारखे पसरलेले आणि रबराच्या चकत्यांच्या कडा फुटून बाहेर आलेल्या. आपल्या किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत भर म्हणून गंजही असे.

आता गाडी रुळावर आणू. ५८ वाघिणींची भरलेली रेक सुमारे ४,७०० टनांची आणि ६२० मीटर लांबीची होते. तिच्यातल्या ५७ जोडांपैकी प्रत्येक जोडावर नुसता १० सेंटिमीटर खेळ धरला, तरी पूर्ण ताणलेली गाडी आणि पूर्ण आवळलेली गाडी यांच्या लांबीत पावणेसहा मीटरचा फरक पडतो. हा खेळ उपयोगाचाही आहे, कारण इंजिन सगळी गाडी एकदम न हलवता एकेक वाघीण हलवत नेऊ शकते. रोह्यापासून निघालेला आपला कोकणचा मार्ग खाड्या, बोगदे आणि पूल ओलांडत जातो. चढाव १५० मीटरला १ मीटर यापेक्षा तीव्र नसावा असे ठरवून तो बांधला आहे. तेवढा चढाव किरकोळ वाटेल, पण ४,७०० टनांच्या गाडीला तो सुमारे ३१ टनांनी मागे खेचतो. शिवाय चढ संपून उतार लागतो तेव्हा गाडीचे डोके उतारावर आणि शेपूट चढावर असते. तेव्हा काही जोड ताणलेले, काही आवळलेले, आणि त्या दोन अवस्थांमधली सीमा गाडीबरोबर मागे सरकत जाते.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत अशाच एका जागी मालगाडी तुटल्याचा निरोप आला. रात्रीचा पाऊस होता. गाडी रांगत असताना ब्रेक सोडले गेले. ब्रेक पुढून मागे सुटत जातात. शेपटीचे ब्रेक अजून धरलेले असतानाच इंजिनाने ताकद घेतली आणि मधला एक नकल तुटला. वाघिणींमधला ब्रेकच्या हवेचा होज पाइप सुटल्याबरोबर हवा गेली, हवा गेली की ब्रेक लागतात, आणि दोन्ही तुकडे आपोआप जागच्या जागी थांबले, म्हणून पुढचे काही वाईट घडले नाही. मी बॅटरीच्या उजेडात तुटलेला नकल पाहिला. तुटलेल्या पृष्ठभागाचा नखाएवढा कोपरा काळा, गंजलेला होता आणि बाकी सगळा ताज्या फोडलेल्या साखरेच्या खड्यासारखा चमकत होता. काळा भाग म्हणजे जुनी भेग, कित्येक दिवसांची. शेजारच्या वाघिणीचा ड्राफ्ट गिअर मागाहून उघडला तो जाम निघाला. दोष लोको पायलटच्या हाताला लावून प्रकरण मिटवणे सोपे होते, आणि अर्थात तसेच मिटले. पण तो हात जरा घाईचा होता एवढेच, नकल मारला होता त्या जाम पेटीने.

प्रवाशांच्या बाबतीत ही गोष्ट २००० नंतर आपल्याकडे आली. जर्मन बनावटीचे एलएचबी डबे आले ते मध्यभागी कपलर घेऊनच. ते डबे अपघातात सहसा एकमेकांवर चढत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. पण गाडी सुटताना आणि थांबताना बसणाऱ्या हिसक्यांची तक्रार देशभर झाली. सावंतवाडीला उतरणाऱ्या एका आजींनी मला, मी रेल्वेचा आहे हे कळल्यावर, विचारले होते, 'गाडयेक बैल जुपले हत काय रे?' आजींचे निदान अचूक होते. बैल पुढे होतो, जू सैल असेपर्यंत गाडी जागची हलत नाही, आणि सैल संपले की हिसका बसतो. पुढे जे बॅलन्स्ड ड्राफ्ट गिअर बसवले गेले त्यांत ओढीसाठी आणि धडकेसाठी असे दोन संच आधीच दाबून एकमेकांसमोर ठेवलेले असतात, त्यामुळे मधल्या स्थितीत मोकळे अंतरच उरत नाही. हिसका जोराने बसतो असे नाही, तो सैल अंतरात कमावलेल्या वेगाने बसतो. ते अंतर काढून घेतले की हिशेबच बदलतो.

शेवटी रो-रोबद्दल एकाने चिठ्ठी पाठवली आहे, ती घेतो. कोकण रेल्वे १९९९ पासून भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून कोलाड ते वेर्णा असे नेते. प्रश्न असा आहे की, गाडी थांबली तरी वर बांधलेला ट्रक हलत का राहतो? ड्राफ्ट गिअरने न गिळलेला धक्का साखळ्यांतून ट्रकपर्यंत पोचतो आणि मग तो ट्रकच्या पाट्यांचा प्रश्न होतो. पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये एकावर एक पट्ट्या असतात आणि त्या एकमेकींवर घासतात. ती घासणी म्हणजे ट्रकचा स्वतःचा छोटा घर्षण गिअरच. कोलाडला एक कोल्हापूरचा ड्रायव्हर अशीच तक्रार घेऊन आला होता. त्याचा ट्रक शेजारच्या ट्रकपेक्षा कितीतरी जास्त वेळ डुलत राहायचा आणि त्याला वाटत होते की आमच्या वाघिणीतच काहीतरी बिघाड आहे. मी खाली वाकून पाहिले आणि त्याला विचारले, 'पाट्यांना ग्रीस कधी मारलंस?'

'कालच, साहेब. चांगलं भरपूर मारलंय.'