कर्नल यंग यांचा रक्तदाब

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो १९४८ चा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा हुकूम, ज्याने अमेरिकी सैन्यातली काळ्या-गोऱ्यांची वेगळी पंगत मोडली. तिकडे येतोच. पण आधी चार्ल्स यंग यांच्याबद्दल बोलू द्या, त्यांच्यावाचून मला पुढे जाववत नाही.

जन्म १८६४ चा, केंटकीतला, गुलामीतला. १८८९ मध्ये वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून बाहेर पडले, तिथले तिसरे कृष्णवर्णीय पदवीधर. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा ते ब्रिगेडियर जनरल होण्याच्या उंबरठ्यावर होते. म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांना त्यांच्या हाताखाली राहावं लागणार. मिसिसिपीच्या एका लेफ्टनंटाला ते सोसेना. त्याची तक्रार सिनेटरमार्फत राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यापर्यंत गेली. त्याच सुमारास डॉक्टरांना यंग यांचा रक्तदाब जास्त आढळला. लगेच निवृत्ती!

आपण धडधाकट आहोत हे दाखवायला जून १९१८ मध्ये यंग ओहायोतल्या विल्बरफोर्सहून घोड्यावर बसून वॉशिंग्टनला निघाले. ४९७ मैल, म्हणजे ८०० किलोमीटर. पुण्याहून नागपूर गाठलंत तरी त्याच्या पुढे. वय ५४. आणि दर तासाला १५ मिनिटं ते खाली उतरून पायी चालत. ती १५ मिनिटं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. घोड्याची पाठ मोकळी होई, पण या ‘आजारी’ माणसाला विसावा कुठला? लगाम हातात, उन्हात चालतोय. असे १६ दिवस.

पोचले, धडधाकट. तरी सरकारने कामावर परत घेतलं ते ६ नोव्हेंबरला. युद्ध ११ तारखेला संपलं.

विल्बरफोर्सला त्यांच्याबरोबर शिकवणारे कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस हे त्यांचे मित्र. हो, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं तेच ड्यू बॉइस.

घंटा झाली, तेव्हा उरलेलं भराभर सांगतो. बेंजामिन डेव्हिस धाकटे, हेही कृष्णवर्णीय: वेस्ट पॉइंटला चार वर्षं कामापलीकडे कुणी त्यांच्याशी बोललं नाही, खोलीत सोबती नाही. तरी १९३६ मध्ये २७६ जणांत ३५ वे आले, पुढे दुसऱ्या महायुद्धात टस्कीगीच्या कृष्णवर्णीय वैमानिकांचे सेनानी झाले. एप्रिल १९४५ मध्ये इंडियानातल्या फ्रीमन फील्ड या विमानतळावर काळ्या-गोऱ्यांसाठी वेगळ्या क्लबचा नियम मान्य असल्याची सही द्यायला १०१ कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांनी नकार दिला, अटक पत्करली. १९४८ मध्ये कृष्णवर्णीय कामगार नेते रँडॉल्फ यांनी बजावलं की असल्या सैन्यात भरती होऊ नका असं मी पोरांना सांगेन. मग २६ जुलैला तो हुकूम निघाला. म्हणून म्हणतो, सगळं श्रेय ट्रूमन यांच्या पदरात टाकू नका. त्या हुकमात समान वागणूक, समान संधी आहे. ‘विभक्तीकरण’ हा शब्दच नाही. त्यामुळे सेनाधिकाऱ्यांना चालढकल करता आली. कोरियाच्या युद्धात माणसं कमी पडली तेव्हा तुकड्या खऱ्या अर्थाने मिसळल्या, आणि शेवटची वेगळी तुकडी १९५४ मध्ये मोडली.

यंग १९२२ मध्ये नायजेरियात, लागोसला वारले. ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा त्यांना २०२२ मध्ये दिला.