तुमचा आयबेक्स डोंगरावर उभा का वाटत नाही?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली परत तोच प्रश्न: 'ताई, चित्रात जनावराच्या अंगावरचे केस कसे रंगवायचे?' अहो, केसांचं काय घेऊन बसलात! तुम्ही रंगवून पाठवलेले आयबेक्स, म्हणजे मोठ्या वाकड्या शिंगांचे डोंगरी रानबोकड, मुळात डोंगरावर उभेच नाहीयेत. फोटो स्टुडिओत मागे काश्मीरचा पडदा लावतात ना, तसं दिसतंय.

साहित्य पटकन सांगते. हॉग हेअरचे (डुकराच्या राठ केसांचे) फ्लॅट ब्रश, आणि रंग: अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), टायटॅनियम व्हाइट. लांबचे डोंगर फिके निळसर, जवळचे गडद. हे येतंच तुम्हाला, पुढे चला.

आता कडा, डोंगराच्या नव्हे, जनावराच्या आकाराच्या. शिंगं आकाशावर येतात, तिथे कडा धारदार ठेवा. पण पाठ, पोट, मागचे पाय खडकाला लागून आहेत, तिथे रंग ओला असतानाच कोरडा ब्रश फिरवा, कडा हरवू द्या. हिमालयातला भरल हा रानमेंढा इतका राखाडी असतो की खडकांत उभा राहिला तर सापडत नाही. आणि तुम्ही त्याला काळी बॉर्डर मारता!

नाही पटत? डोळे किलकिले करून बघा. जनावराची सावलीतली बाजू आणि मागच्या खडकाची सावली एकच दिसतेय ना? मग मध्ये रेघ कशाला?

तरीही नाही? वन्यप्राण्यांचा चित्रकार कार्ल रुंगिअस, त्याची चित्रं झूम करा. जन्म १८६९, बर्लिनजवळचा, पण रंगवले रॉकी पर्वतातली मूस नावाची भलीमोठी हरणं आणि बिगहॉर्न मेंढे. कॅनडात बॅन्फला स्टुडिओच बांधला होता. त्याच्या नंतरच्या चित्रांत केस शोधून दाखवा. नुसते रुंद फटकारे आहेत, कडा कुठे आहे, कुठे नाही.

एक दादा लिहितात, 'मुंबईत बसून कसला हिमालय रंगवता?' दादा, मान कशी वळते ते बघायला राणीच्या बागेत जाते. काळ्या घोड्याजवळच्या म्युझियममध्ये पेंढा भरलेले प्राणी आहेत, ते तर हलतही नाहीत! चुलीसमोर बसल्याशिवाय भाकरीचं चित्र काढायचं नाही, असा काही नियम आहे का?

बर्फ असेल तर पोटाखाली पांढरट-निळा उजेड द्या, खालून येतो तो. निरभ्र दिवशी बर्फावरची सावलीही निळसर असते. काळी ट्यूब विकत घेऊ नका, अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळा, काम भागतं.

आणि आता चित्र पाठवाल तेव्हा खुरांचा क्लोजअप पाठवा. शिंगांचा नको, शिंगं सगळ्यांना झकास जमतात.