सर्व्हिस मेशमधील रिट्राय: कोणती विनंती पुन्हा पाठवावी?

(सोलापुरात संगणक अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि व्यावसायिक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या टॉवेल कारखान्याची ऑर्डर प्रणाली आपण उदाहरणादाखल घेऊ. व्यापाऱ्याने ऑर्डर नोंदवली की ऑर्डर सेवा साठा सेवेला विचारते, साठा सेवा दरपत्रक सेवेला आणि दरपत्रक सेवा डेटाबेसवर बसवलेल्या सेवेला. या सेवा इस्टिओ या सर्व्हिस मेशमध्ये, म्हणजे सेवांमधील संवाद सांभाळणाऱ्या व्यवस्थेत, असतील, तर प्रत्येकीशेजारी एन्व्हॉय हा प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ, उभा असतो आणि विनंती फसली की ती पुन्हा पाठवण्याचे काम तोच करतो. आपण एक ओळही लिहिली नसली, तरी इस्टिओ एचटीटीपी विनंतीसाठी मुळातच दोन फेरप्रयत्न (रिट्राय) धरतो, म्हणजे पहिला धरून एकूण तीन. ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही आणि म्हणूनच मी तिच्यापासून सुरुवात करतो आहे.

प्रॉक्सीला विनंतीचा अर्थ कळत नाही. जोडणीच झाली नाही, तर काम सुरूच झाले नाही हे नक्की असते आणि तिथे फेरप्रयत्न निर्धास्तपणे करावा. परंतु विनंती पोहोचली, साठा सेवेने पाचशे टॉवेल राखून ठेवले आणि उत्तर परत येताना जोडणी तुटली, तर प्रॉक्सीच्या दृष्टीने ते अपयश असते. तो पुन्हा विचारतो आणि आणखी पाचशे टॉवेल राखले जातात. ५०३, म्हणजे ‘सेवा सध्या उपलब्ध नाही’, या उत्तराबाबत अशीच संदिग्धता आहे, कारण काम सुरू होण्याआधीही ते येऊ शकते आणि अर्धे काम झाल्यावरही. इस्टिओच्या १.२४ या आवृत्तीत फेरप्रयत्नाच्या मूळ अटींतून ५०३ वगळण्यात आला तो याच कारणाने, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. गेट (वाचणे), पुट (ठेवणे) आणि डिलीट (काढणे) या पद्धती एचटीटीपीच्या मानकाप्रमाणे कितीही वेळा केल्या तरी परिणाम एकच राहतो. नवी नोंद पाठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पोस्टबाबत तशी हमी नाही. म्हणून साठा पाहण्याचा मार्ग आणि ऑर्डर नोंदवण्याचा मार्ग व्हर्च्युअल सर्व्हिसमध्ये, म्हणजे इस्टिओच्या मार्ग-नियमांत, वेगळे लिहावेत, आणि नोंदणीच्या मार्गावर अटेम्प्ट्स, म्हणजे फेरप्रयत्नांची संख्या, शून्य ठेवावे. तिथे फेरप्रयत्न हवाच असेल, तर प्रत्येक ऑर्डरला ग्राहकाकडूनच एक क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की सेवेने नवी नोंद न करता जुनेच उत्तर परत द्यावे. हे काम सेवेच्या कोडमध्येच करावे लागते, मेश ते करून देत नाही.

आता वेळेचा हिशेब. टाइमआउट, म्हणजे उत्तराची एकूण मुदत, दोन सेकंद लिहिला आणि पर-ट्राय टाइमआउट, म्हणजे एकेका प्रयत्नाची मुदत, लिहिलाच नाही, तर अडकलेला पहिलाच प्रयत्न दोन्ही सेकंद खाऊन टाकतो आणि बाकीचे प्रयत्न कागदावरच राहतात. साठा पाहण्याच्या मार्गावर मी एकूण दोन सेकंद, प्रत्येक प्रयत्नाला पाचशे मिलिसेकंद आणि दोन फेरप्रयत्न असे लिहीन. तीन प्रयत्नांचा दीड सेकंद होतो आणि मधल्या थांब्यांना जागा उरते. प्रयत्नाची मुदत संपल्यावर पुन्हा पाठवायचे असेल, तर रिट्राय-ऑनमध्ये, म्हणजे कोणत्या अपयशावर पुन्हा पाठवायचे त्या यादीत, गेटवे-एररसारखी अटही द्यावी लागते. थांबे एन्व्हॉय स्वतः ठरवतो: २५ मिलिसेकंदांच्या पायावर वाढत जाणारे आणि मुद्दाम यादृच्छिक, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत अरुंद वाटेवर सगळी गर्दी एकदम पुढे सरकावी तसे सगळे प्रॉक्सी एकाच क्षणी परत येत नाहीत.

सर्वांत मोठा धोका मात्र गुणाकाराचा आहे. आपल्या साखळीत तीन टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर तीन प्रयत्न, सगळीकडे ५०३ ही अट, आणि शेवटच्या सेवेचे अपयश तसेच्या तसे वर जात असेल, तर एका व्यापाऱ्याच्या एका क्लिकवर शेवटच्या सेवेकडे सत्तावीस विनंत्या जातात, आणि त्याही ती आधीच दमलेली असताना. म्हणून फेरप्रयत्न एकाच थरावर ठेवावा, शक्यतो जिथे विनंतीचा अर्थ कळतो तिथे, आणि त्याच्या एकूण प्रमाणालाही मर्यादा घालावी. लिंकरडी या दुसऱ्या सर्व्हिस मेशच्या सर्व्हिस प्रोफाइलमध्ये (सेवेच्या नियमांत) यासाठी रिट्राय बजेट आहे: मूळ विनंत्यांच्या २० टक्के आणि वर सेकंदाला १० विनंत्यांची मुभा. इस्टिओत डेस्टिनेशन रूलमधील (ज्या सेवेकडे विनंती जाते तिच्यासाठीच्या नियमांतील) मॅक्स-रिट्राइज हा आकडा एका वेळी चालू असलेल्या फेरप्रयत्नांना अडवतो. पण त्याचे मूळ मूल्य दोनचा बत्तिसावा घात वजा एक, म्हणजे व्यवहारात अमर्याद आहे. तो आकडा आपणच लिहायला हवा.

नियम बसवल्यावर एन्व्हॉयच्या आकडेवारीत एकूण फेरप्रयत्न आणि त्यांपैकी यशस्वी झालेले, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. यशस्वी फार थोडे आणि एकूण भरमसाट असतील, तर तिथे फेरप्रयत्न केवळ भार वाढवत आहे. तो बंद करून मूळ सेवेचा बिघाड शोधावा.